बाईंच्या तोंडी घातलेला उखाणा

निंबहट्टीत लग्न ठरलं की पहिली पत्रिका देवापुढं ठेवतात आणि दुसरी जयाबाईच्या हातात देतात. देव विघ्न टाळतो, जयाबाई अब्रू वाचवते. निपाणीहून तवंदीच्या घाटाकडं निघालं की आतल्या अंगाला हे गाव लागतं. गावातल्या मुली आताशा कॉलेजं शिकून येतात, मोबाईलवर घडाघडा बोलतात. पण मांडवात 'नाव घे' म्हटलं की बोबडी वळते. मग नवरीच्या मागं, शालूच्या आडोशाला, जयाबाई बसते. आधी कानात सांगते. नवरी तरीही मुकीच राहिली तर तिचाच आवाज काढून स्वतः म्हणून टाकते. नवरीनं फक्त पदर तोंडाशी धरायचा. शामूच्या लग्नात तिनं असंच

'संकेश्वरी मिरचीचा ठसका लागतो गावभर,
शामूरावांचं नाव घेते, सासूबाईंचा धाक घरभर'

असं ठोकून दिलं, आणि शामूची आई अजून सुनेला विचारते, "व्हय गं, माझा कसला धाक?" सून बिचारी काय सांगणार, ती मी नव्हेच म्हणून?

आवाज काढायची ही विद्या जयाबाई शिकली गावातल्या मुलींच्या शाळेत. अभ्यासक्रमात नव्हती, तरी हीच एक तिला नीट आली.

आणि ती शाळा म्हणजे काय साधी शाळा नव्हे. पूर्वी गावात एकच शाळा होती, मुलामुलींची. मुली दाराशी बसायच्या आणि पोरं त्यांच्या वेण्या खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची. एक दिवस सुट्टीची घंटा झाली, सगळे पळाले, आणि पाटलाची लेक गजाला तशीच. तिनं रडून गाव गोळा केलं आणि मुलींची शाळा वेगळी झाली, असं एक म्हणणं. दुसरं म्हणणं असं, की वेणी बांधणाऱ्या पोराशीच पुढं तिनं लग्न करायचं ठरवलं म्हणून घाईनं शाळा वेगळी काढली. दुसरं म्हणणं जास्त लोकांना पाठ आहे, यावरून काय ते समजा.

जागा मिळाली ती तंबाखूच्या रिकाम्या वखारीत. भिंतींत वास असा मुरलेला, की नवी पोरगी पाटीवर 'ग' काढायच्या आधी शिंकायची. आजूबाजूची गावं 'शिंकरी शाळा' म्हणायची. मास्तर म्हणून बाईमाणूस मिळेना, आणि बाप्या माणूस गावाला चालेना. शेवटी तात्या गुरुजींना नेमलं. त्यांची योग्यता एवढीच, की त्यांना फार कमी दिसायचं. गावानं ते गुण म्हणून मोजलं. गुरुजी हजेरीही आवाजावरून घ्यायचे. आणि जयाबाईनं आपल्या वर्गातल्या गैरहजर मैत्रिणींची 'हजर' त्यांच्याच आवाजात म्हणायची कला तिथं कमावली. आमच्या कथेतलं सगळं पाप त्या 'हजर'मध्ये रुजलेलं आहे म्हणा.

पुढं वखार पडली, सरकारी इमारत उभी राहिली. पाटीवर वर कन्नड, खाली मराठी, सातवीपर्यंतचे वर्ग, मैदानात कडुनिंब. जयाबाई सातवी झाली, आईबरोबर विड्या वळू लागली, मग गावातल्याच भावकूची बायको झाली. भावकू मितभाषी. तो म्हणतो, आमच्या घरात बोलायला जागाच शिल्लक नसते. लेकरं मोठी झाल्यावर शाळेत दुपारच्या जेवणाचं काम निघालं तेव्हा ती आमटी-भात करायला लागली. गावातल्या बहुतेक आया तिच्या शाळूसोबती आणि त्यांच्या मुली तिच्या हातच्या जेवणावर वाढलेल्या. शाळेवर तिचा जीव होता. आणि शाळेतल्या बातम्यांवर जिवापेक्षा थोडा जास्त.

बातमी अशी होती.

रचनाबाई खानापूरकडच्या. तिशी उलटलेली, लग्न झालेलं नाही. वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं. निपाणीत खोली घेऊन राहायच्या, सकाळच्या बसनं यायच्या. मुलींना गणित असं शिकवायच्या की मुली घरी जाऊन बापाचा हिशेब सुधारायच्या. बोलताना वाक्याचा शेवट त्या जरा लांबवायच्या, गाण्यासारखा. वृषभ सर कन्नड शिकवायला आलेले, चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरचे, बाईंच्याच वयाचे. मुलींच्या शाळेत तरणा मास्तर आला तेव्हा गाव जरा कुरकुरलं. तात्या गुरुजींसारखा चष्मा तरी असावा, असं कुणी म्हणालं. पण सर खाली बघून चालणारे निघाले आणि गाव गप्प झालं.

सर कंदमूळ खात नसत. म्हणून जयाबाई त्यांच्यासाठी बटाटा घालायच्या आधीची आमटी वाटीभर बाजूला काढायची. श्रावण गेला, दसरा झाला, आणि एक दिवस रचनाबाई सहज म्हणाल्या, "जयाक्का, मला पण बिनबटाट्याचीच वाढा. बटाट्यानं जड होतं."

जयाबाईच्या हातातली पळी जागच्या जागी थांबली. ती रात्री भावकूला म्हणाली, "बाईंस्नी बटाटा जड व्हायला लागला."

"मग?" भावकू म्हणाला.

"मग काय मग? आदी होत नव्हता."

भावकू कूस बदलून झोपला. पण तिला कुठली झोप. त्यानंतर ती बघत राहिली. बाईंचं कन्नड सुधारत चाललेलं. सरांचं डोकं बाई वर्गापुढून गेल्या की वर होणारं. दोघं कधी एकत्र उभे राहिले नाहीत, बोलले नाहीत, पण जे कधीच एकत्र उभे राहत नाहीत त्यांच्याकडंच तर बघायचं असतं. ती ही बातमी कुणाला न सांगता पोटात बाळगून होती. तिच्या पोटाला तशी सवय नव्हती.

संक्रांतीनंतर शाळेत आयांचं हळदी-कुंकू असतं. मुलींच्या आया शाळेत याव्यात, मुलींच्या वह्या बघाव्यात, हा हेतू. आया येतात, तिळगूळ घेतात, वह्यांकडं एक नजर टाकतात आणि मग उखाण्यांना बसतात. त्या दिवशी व्हरांडा नुसता रंगला होता. सर कन्नडच्या परीक्षेचे पेपर घेऊन निपाणीला गेलेले. एकेकीनं नाव घेतलं, अंबुबाईनं तर दोनदा घेतलं. ही अंबुबाई जयाबाईची शेजारीण, तोंडानं तिच्याच तोलाची. तीच म्हणाली, "बाई, तुमचा नंबर."

रचनाबाई तिळगुळाचं ताट घेऊन हसत म्हणाल्या, "माझं लग्नच नाही, नाव कुणाचं घेऊ?"

"व्हणाऱ्याचं घ्या की," कुणीतरी म्हणालं.

"कोण व्हणारा?"

"त्ये तुमालाच ठावं."

बायका हसल्या. बाईंनी पदर तोंडाशी धरला. आणि त्यांच्या नेमकं मागं, उभ्या बायकांच्या आडोशाला, बसलेली होती जयाबाई. तोंडाशी धरलेला पदर दिसला की तिच्या जिभेला दुसरं काही सुचत नाही. इतक्या लग्नांची सवय. तिनं बाईंचा आवाज काढला, वाक्याचा शेवट लांबवला, आणि म्हणाली:

'खानापूरच्या रानात पाखरू बोलतंय गोड,
वृषभ सरांच्या कन्नडला माझ्या मराठीची जोड.'

व्हरांड्यात जो हशा झाला त्यानं कडुनिंबावरचे कावळे उडाले. बाईंची मान खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि पदराच्या वर डोळे हसत होते. रागानं नव्हे, लाजेनं. हे जयाबाईला मागूनही कळलं, खांदे कसे हलले त्यावरून. आपला अंदाज खरा निघाला म्हणून तिला जो आनंद झाला तो नंतर आठवला की तिला अन्न गोड लागेना.

कारण दिपाली नावाच्या एका नव्या सुनेनं मोबाईल धरला होता. तिनं ते आपल्या स्टेटसला ठेवलं, मजा म्हणून. त्यात दिसत होत्या फक्त रचनाबाई: हातात ताट, तोंडावर पदर, हसरे डोळे. आणि ऐकू येत होता रचनाबाईंचा आवाज, सरांचं नाव घेताना.

संध्याकाळपर्यंत ते पानपट्टीवर पोचलं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात. बाप्ये ते पुन्हा पुन्हा ऐकायचे आणि मग गंभीर चेहरे करून म्हणायचे, मुलींच्या शाळेत हे असलं. एकजण जैन, एक मराठा, आणि बाई आपल्या तोंडानं नाव घेते, चारचौघीत. शाळेत काय शिकवत असतील?

आता तुम्ही म्हणाल, व्हरांड्यात एवढ्या बायका होत्या, त्यांना ठाऊक होतं की आवाज कुणाचा. होतं की. पण घरोघरी नवऱ्यांनी विचारलं तेव्हा गंमत झाली. एक म्हणाली, मी त्या टायमाला चपला शोधत होतो. (आमच्याकडं बायकाही 'होतो', 'आलो'च म्हणतात.) दुसरी म्हणाली, मला पाण्याला उठवलं होतं. सगळ्यांचं ऐकलं तर त्या उखाण्याच्या वेळी व्हरांड्यात कुणी नव्हतंच, नुसती सतरंजी हसली. खरं सांगायचं तर आधी 'व्हणाऱ्याचं घ्या' कोण म्हणालं हे सांगावं लागलं असतं.

आणि जयाबाई? तिनंही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं, जाईल विझून. मग वाटलं, मी सांगितलं तर शाळेच्या स्वयंपाकातून काढतील. मग वाटलं, आता इतके दिवस गेले, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलंस म्हणतील. गुन्हा दूध नाही, पण ठेवला की नासतोच.

तिला वाटलं होतं की बाई येऊन भांडतील. तिनं त्याची तयारीही केली होती, डोळ्यांत पाणी आणून ठेवलं होतं. मुलींना वाढायच्या आधी शिक्षकानं जेवणाची चव बघायची असा शाळेचा नियम. रोज रचनाबाई स्वयंपाकघरात यायच्या, वाटीत घासभर घ्यायच्या, मग कट्ट्यावर टेकून इकडचं तिकडचं बोलायच्या. हळदी-कुंकवानंतर त्या आल्या, घास घेतला, "मीठ बरोबर आहे," म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जयाबाईनं मुद्दाम मीठ जास्त टाकलं, निदान चिडतील म्हणून. बाईंनी घास घेतला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "थोडं पाणी घाला." मुलींच्या घशाखाली ती आमटी जाईना, ते पाप वर आणखी.

सरांनी डबा आणायला सुरुवात केली. बाजूला काढलेली वाटी तशीच राहू लागली. सर आणि बाई पूर्वी एकमेकांकडं न बघता जायचे. आता एक जण व्हरांड्यात असला की दुसरा वर्गात थांबायचा.

मग काही घरांनी मुली काढल्या. निपाणीच्या इंग्रजी शाळेची पिवळी बस गावात यायचीच, तिच्यात बसवल्या. मुली आधीच कमी. अजून घटल्या तर शाळा मुलांच्या शाळेत मिसळून टाकतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळा समितीचे अध्यक्ष रायगोंडा आण्णा यांनी शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांची सभा बोलावली. रायगोंडा आण्णा भला माणूस. त्यांच्या दोन नाती याच शाळेत. पण गावाच्या तोंडाला ते भीत. सभेत ठराव करायचा, बाईंची बदली मागायची, असं ठरूनच गेलं होतं.

आदल्या दिवशी जयाबाई अंबुबाईच्या दारात गेली.

"अंबे, उद्या आपण सगळ्याजणी मिळून सांगूया."

अंबुबाई शेंगा फोडत बसली होती. "काय सांगूया?"

"की नाव बाईंनी घेतलं न्हाई, मी घेतलो."

"तू घेतलास तर तू सांग. सगळ्याजणी कशाला?"

"सगळ्याजणी हसलो की आपण."

"मी न्हाई हसलो. मला ठसका लागलता."

"अंबे, तुझा ठसका सगळ्या गावानं ऐकलाय."

अंबुबाईनं शेंग तोंडात टाकली. "हे बघ जया, आमच्या ह्यांनी मला इचारलं, मी म्हटलं मी नव्हतोच तिथं. आता होतो म्हटलं तर आधी खोटं बोलली म्हणत्यात. तुझं तू निस्तर. तुझं काम गेलं तर माझ्या शेतात ये भांगलायला."

ती तशीच शाळेकडं गेली. बाई वह्या तपासत वर्गात एकट्याच होत्या. जयाबाई दारात उभी राहिली.

"बाई, मी उद्या सांगतो सगळ्यास्नी."

रचनाबाईंनी वर बघितलं. "काय सांगणार?"

"आवाज माझा हुता म्हणून."

"सांगू नका. तुम्हाला काढतील. नवीन कुणी येईपर्यंत मुली उपाशी राहतील."

"तुमी का सांगितलं न्हाई? पैल्याच दिशी माझं नाव घ्यायचं हुतं."

बाईंनी वही मिटली. "आवाज तुमचा होता, जयाक्का. पण..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि पुढची वही उघडली. बस्स, एवढंच. पण इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं ऐकून जिचे कान तयार झाले त्या जयाबाईला 'पण'च्या पुढचं ऐकू आलं. तिला पहिल्यांदा वाटलं, आपल्याला ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं.

सभेला वर्ग भरला. बायका खाली ताडपत्रीवर, बाप्ये मुलींच्या बुटक्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून. रचनाबाई फळ्याशेजारी उभ्या, वृषभ सर दुसऱ्या टोकाला कपाटाजवळ. रायगोंडा आण्णांनी घसा साफ केला. प्रत्येक वाक्याला "हौदल्लो?" म्हणायची त्यांची सवय, म्हणजे 'होय ना?'

"बाई चांगलं शिकिवत्यात, हौदल्लो? माझ्या नातीस्नी पाढे येत्यात, हौदल्लो? पर ही मुलींची शाळा. मुलींच्या शाळेचं नाव जपाय पायजे. म्हणून आमी वर कळवावं म्हणतो, बाईंस्नी दुसरीकडं चांगली शाळा द्या. हौदल्लो?"

रचनाबाई जमिनीकडं बघत होत्या. त्या क्षणी जयाबाई उठली. उठताना तिनं पुढच्या बाईच्या डोक्याचा आधार घेतला.

"आण्णा, बाईंनी नाव घेतलंच न्हाई. मी घेतलो."

"तू?" आण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. "तुझा आवाज असा कुठं हाय? घोगरा तुझा."

मग काय करणार. जयाबाईनं डोळे मिटले आणि तो उखाणा पुन्हा म्हणाली, तसाच, शेवट लांबवून. सगळ्यांच्या माना एकदम फळ्याकडं वळल्या. बाईंचे ओठ मिटलेले. कुजबूज झाली. तरीही एक म्हातारा म्हणाला, कशावरनं? तेव्हा तिनं घसा साफ केला, तोही आण्णांसारखा, आणि आण्णांच्या आवाजात म्हणाली, "माझ्या नातीस्नी पाढे येत्यात, हौदल्लो?"

वर्ग फुटला. बाकांवरचे बाप्ये गुडघ्यांवर पडून हसले. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जया, जया," म्हणत ते टोपीनं डोळे पुसू लागले. झालं होतं. तिथं ती बसली असती तर सगळं ठीक झालं असतं.

पण मागून परशराम, अंबुबाईचा नवरा, म्हणाला, "आवाज जयाबाईचा, मानलं. पर मोबाईलमदी बाई लाजल्यात की चांगल्या. ते लाजणं बी जयाबाईनंच काढलं व्हय?"

हसू विझलं. सगळे पुन्हा फळ्याकडं बघू लागले. रचनाबाईंची मान वर आली. त्यांनी परशरामाकडं बघितलं नाही, जयाबाईकडंही नाही. त्यांची नजर कपाटाच्या दिशेला गेली, आणि सरांनीही डोळे वर उचलले होते. बाईंचे ओठ जरा विलग झाले. त्या काही म्हणणार होत्या. काय म्हणणार होत्या देव जाणे. कदाचित काहीच नाही. कदाचित सगळं.

जयाबाईला शांतता सोसत नाही. लहानपणापासून नाही. कुणी गप्प उभं राहिलं की तिला वाटतं त्याला आवाज पायजे, आणि तो आपल्याकडं आहे.

"लाजत्यात कशाला?" ती म्हणाली. "मी मागनं बरगडीत बोट घातलतो. बाईंस्नी गुदगुल्या लई. आन् सरांचं म्हणाल तर बाईंच्या मनात तसलं काय सुदिक न्हाई. मला ठावं हाय की. सर म्हंजे त्यास्नी पाठच्या भावावानी."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. आण्णांनी तर टाळीच वाजवली. "झालं तर मग. सर, बाई, तुमी भावंडं. हौदल्लो? ठराव रद्द."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रचनाबाईंनी ओठ मिटले. वृषभ सरांनी मान हलवली, एकदा, शिस्तीच्या मुलासारखी, आणि कपाटाची किल्ली काढून विनाकारण कपाट उघडून आत बघत राहिले. टाळ्या थांबेपर्यंत ते आतच बघत होते.

जयाबाईला कामावरून काढलं नाही. आण्णा हसत म्हणाले, "काढणार होतो तुला, पर हसवलंस." तिला वाटलं, काढलं असतं तर थोडी तरी फेड झाली असती. बाहेर अंबुबाईनं तिला कोपर मारलं. "कशी सुटलीस बघ. भावावानी म्हणालीस ते लई भारी केलंस." जयाबाई त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. भावकूनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, दात दुखतोय. भावकू म्हणाला, "तुझा दात दुखला तर गावाला सुट्टी." तिनं हसायचं म्हणून हसून दाखवलं.

पिवळ्या बसमधून बऱ्याच मुली परत आल्या. शाळा वाचली. हे चांगलंच झालं, त्याला कोण नाही म्हणेल? आणि उन्हाळ्याच्या तोंडाला बदल्यांची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा वृषभ सरांनी चिकोडी तालुका मागितला. आई एकटी असते, म्हणाले. आई त्याआधीही एकटीच होती.

ती बातमी ऐकली त्या दिवशी रचनाबाई चव बघायला आल्या. घास घेतला. "मीठ बरोबर आहे," म्हणाल्या. जायला वळल्या तेव्हा जयाबाईनं त्यांचा हात धरला.

"बाई, मी जातो सरांकडं. आजच जातो. मी खोटं बोललो म्हणून सांगतो. गुदगुल्या न्हाईत, बोट न्हाई, भाऊ न्हाई, काय न्हाई. सगळं माझ्या मनाचं हुतं."

रचनाबाईंनी हात सोडवून घेतला. हळूच, पण सोडवून घेतला.

"पहिल्यांदा मला न विचारता उघडं केलंत. मग मला न विचारता झाकलंत. आता तिसऱ्यांदा काय करणार?"

"तुमी सांगाल ते."

"काही करू नका, जयाक्का. माझ्या वतीनं कुठं एक शब्द बोलू नका. मी उभी होते की तिथं. मला तोंड होतं."

जयाबाईनं कितीतरी माणसांची बोलणी खाल्ली होती, हसून पचवली होती. सासूची, अंबुबाईची, निपाणीच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांची. हे बोलणं पचलं नाही. कारण त्यात राग नव्हता. बाई नुसतं सांगत होत्या, जसं फळ्यावर एखादं गणित सोडवून दाखवावं. आणि ते खरं होतं. बाईंना तोंड होतं. तिनं कधी विचारच केला नव्हता की समोरच्या माणसाला तोंड असतं.

सरांचा शेवटचा दिवस. मुलींनी फुलं दिली, आण्णांनी शाल घातली आणि भाषणात चार वेळा "भावंडं" म्हणाले. बायका म्हणाल्या, जया, सरांचा आवाज काढून दाखव की. ती म्हणाली, घसा बसलाय. कार्यक्रम आटोपला, माणसं पांगली. जयाबाई स्वयंपाकघरात भांडी आवरत होती आणि अंबुबाई, मदत करते म्हणून आलेली, दारात उभी राहून बघत होती. स्वयंपाकघराचं दार मैदानाकडं उघडतं. तिथून सगळी शाळा दिसते.

सर कडुनिंबाखाली मोटरसायकलला पुस्तकांचं गाठोडं बांधत होते. रचनाबाई वर्गातून बाहेर आल्या. व्हरांड्याच्या पायरीवर थांबल्या. मग उतरल्या आणि मैदानातून सरळ त्यांच्याकडं चालू लागल्या.

"जया, ये ये," अंबुबाई दबक्या आवाजात म्हणाली. "बाई निघाल्यात तिकडं. बोलत्यात काय की. सरांनी दोरी सोडली बघ हातातली."

जयाबाई पातेलं टाकून दारात आली. बाईंची पाठ दिसत होती, सरांचा चेहरा. बाई बोलत होत्या. ओठ दिसत नव्हते, पण मान ताठ होती. आणखी थोडं उभं राहिलं असतं तर सरांच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असतं. ती चेहऱ्यावरून वाचते, गावात तिच्याइतकं कुणाला वाचता येत नाही.

तिनं अंबुबाईला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

"अगं ए, बघू दे की."

"भांडी घास."

"तुला बघायचं न्हाई?"

"न्हाई."

"खोटं बोलतीस."

"व्हय," जयाबाई म्हणाली आणि राख घेऊन पातेल्याला लागली. बाहेर मोटरसायकल सुरू झाली, का बंद झाली, का नुसता वारा होता, तिला कळलं नाही. काही ऐकू येऊ नये म्हणून तिनं पातेलं जोरात घासलं.

दार उघडलं तेव्हा मैदानात कुणी नव्हतं. ना मोटरसायकल, ना बाई. अंबुबाई धावत फाटकापर्यंत गेली, रस्ता बघून आली, आणि तेव्हापासून आजपर्यंत रुसलेली आहे. गावाला वाटतं जयाबाईला सगळं ठाऊक आहे. पानपट्टीवर, पाण्यावर, लग्नाच्या मांडवात तिला गाठून विचारतात: सरांचं काय गं? बाई हल्ली सुट्टीत चिकोडीच्या बसला बसतात म्हणं, खरं का? ती म्हणते, मला ठावं न्हाई. कुणी विश्वास ठेवत नाही.

रचनाबाई शाळेतच आहेत. रोज येतात, घास घेतात, चव बघतात. काही दिवसांपासून पुन्हा कधी कधी कट्ट्यावर टेकतात, मुलींबद्दल बोलतात, पावसाबद्दल बोलतात. जयाबाई मान हलवते. विचारत नाही. विचारावंसं वाटलं की पळी उचलते आणि आमटी ढवळत बसते, ढवळायची गरज नसली तरी.